वादळवीराचे फुगे भरणारी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या क्रांती पोवारचं अक्षर चांगलं, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. तिचा बाप सिनेमाचे बोर्ड रंगवायचा आणि पक्षाच्या मोर्चांचे फलकही. पोरीचं नाव त्यानं तसल्याच एका मोर्चाच्या धामधुमीत ठेवलं. बोर्डावरचे चेहरे तो स्वतः काढायचा, खालची अक्षरं पोरीला भरायला द्यायचा. सातवीत असताना तिनं शिडीवर उभं राहून पंधरा फुटी बोर्डावर ‘रोज चार खेळ’ लिहिलं होतं, आणि खालून बघणाऱ्या बापानं फक्त एवढंच म्हटलं होतं, “‘ळ’चं पोट जरा मोठं झालंय.” पुढं तिचं लग्न झालं. नवरा उद्यमनगरात लेथवर. बाप गेला. पण हात तसाच राहिला. दुकानाच्या पाट्या, नवरदेवाच्या गाडीवरची नावं, शाळेच्या संमेलनाचे पडदे, काही ना काही चालूच असायचं.

१९९३ च्या दिवाळीनंतर शाहूपुरीतल्या छापखान्याचे मालक शिवशरण मिठारी तिच्या दारात आले. माणूस गडहिंग्लजकडचा; घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांच्या छापखान्यात गुळाची लेबलं, कुस्त्यांची हँडबिलं आणि लग्नपत्रिका छापल्या जायच्या. आता त्यांच्या डोक्यात नवीन काही शिरलं होतं. मुंबईच्या एका दलालाकडून त्यांनी एक ट्रंकभर जुनी परदेशी कॉमिक्स हक्कासकट घेतली होती. पन्नास वर्षांपूर्वीची. काढणारी कंपनी केव्हाच बुडालेली.

“पोरं हिंदी कॉमिक्स भाड्यानं आणून वाचत्यात,” ते म्हणाले. “आपण मराठीत मासिक काढू. चित्रं तयार हायत. फक्त बोलणं बदलायचं.”

काम असं होतं. प्रत्येक पानाचा मोठा फोटो काढून आणायचा; छापखान्यात त्याला ब्रोमाईड म्हणत. त्यावर पात्रांच्या तोंडातून निघालेले पांढरे फुगे असायचे, फुग्यात इंग्रजी. ते पांढऱ्या रंगानं बुजवायचं आणि त्या जागी मराठी लिहायचं, बारीक, सरळ, न सांडता. छापखान्यातली माणसं ह्याला ‘फुगे भरणं’ म्हणू लागली आणि क्रांतीला ‘फुगेवाल्या वहिनी’.

भाषांतर गणपतराव इंगवले करायचे. तेहतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्या कॉमिक्समधल्या नायकाचं ‘वादळवीर’ हे नाव त्यांचंच. दर शनिवारी दुपारी ते सायकलवरून क्रांतीच्या घरी यायचे, कागद द्यायचे, चहा घ्यायचे आणि जायचे.

वाचणाऱ्याची नजर पळते. लिहिणाऱ्याला मात्र एकेका अक्षरापाशी थांबावं लागतं. ‘धडाम’ लिहायचं तर ध काढा, ड काढा, म काढा. तोवर कोण पडलं, कशावर पडलं, त्याचं पुढं काय झालं, हे सगळं मनात फिरून येतं. क्रांतीचं तसंच झालं. पहिल्या अंकापासूनच ती अडकू लागली. वादळवीर मुळात घड्याळाच्या दुकानातला कारकून. मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ दुरुस्त करताना त्याच्यावर वीज पडते, आणि दोन चित्रांत तो आगगाडी अडवण्याएवढा ताकदवान होतो.

“सर,” तिनं गणपतरावांना विचारलं, “वीज आमच्या मामाच्या गावाला वर्षाआड पडती. माणसं मरत्यात. म्हशी मरत्यात. ह्यो कसा काय ताकदवान झाला?”

“मुळात तसं आहे,” गणपतराव म्हणाले.

“आणि पहिल्या अंकात तो नुसत्या उड्या मारतोय. चौथ्यात उडायला लागलाय. मधी काय झालं?”

गणपतरावांनी कप खाली ठेवला. “लिहिणारा विसरला असेल. ही सुरुवातीची कॉमिक्स अशीच असायची म्हणे. एकटा माणूस महिन्याला साठ-साठ पानं पाडायचा. मागचं बघायला वेळ कुणाला?”

हे तिला पटलं. तिचा बापही एका रात्रीत बोर्ड उरकताना नटाच्या एका हाताला सहा बोटं काढून बसला होता.

पण ताकदीचं कोडं सुटलं तरी वागण्याचं सुटेना. गोष्टी भरता भरता तिला वादळवीर आवडायला लागला होता, हेही खरं. पडक्या चाळीचं भाडं वाढवणाऱ्या मालकाला उचलून त्यानं त्याच चाळीच्या कुजक्या कठड्याला कोटानं टांगलं, तेव्हा ती दोन दिवस हसत होती. ‘आमच्या दादांनी ह्याला खांद्यावर घेतला असता,’ असं तिनं बापाची आठवण काढून नवऱ्याला सांगितलं. मग पिठाची गोष्ट आली. गिरणीवाला पिठात खडूची भुकटी मिसळतो असा वादळवीराला संशय येतो. तो रात्री गिरणीत शिरतो, त्याला खुर्चीला बांधतो आणि तेच पीठ आठ दिवस चारतो. शेवटच्या चित्रात गिरणीवाला कबूल होतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. त्यानंतर बँकेची गोष्ट: बँकेची कुलपं कच्ची आहेत हे पटवून द्यायला वादळवीर स्वतःच बँक फोडतो. आणि प्रत्येक अंकात लीना. लीना त्याची होणारी बायको. ती त्याच्या मागं येऊ नये म्हणून तो तिला गुंगीचा वायू हुंगवतो आणि दुसऱ्या दिवशी साळसूदपणे विचारतो, ‘काल कुठे होतीस?’

“ह्यो लबाड हाय की, सर,” क्रांती म्हणाली.

“नायक आहे,” गणपतराव म्हणाले, पण जरा हळू.

नवव्या अंकात धरण फुटलं.

गोष्ट सोपी होती. जंगलाला वणवा लागतो. वादळवीर उडत येतो, वरच्या बाजूचं धरण एका बुक्कीत फोडतो, पाणी येतं, आग विझते. पुढच्याच चित्रात नगराध्यक्ष त्याच्या गळ्यात हार घालतो. क्रांतीनं ‘धो धो’ लिहिलं, शाई वाळायला पान बाजूला ठेवलं आणि मग मागचं पान पुन्हा ओढून घेतलं. त्यावर धरणाचं चित्र होतं. धरणाखाली छोटी छोटी घरं होती, धुराड्यांतून धूर निघणारी. तिनं मोजली. अकरा होती. पुढच्या पानावर त्याच जागी नुसतं पाणी.

शनिवारी तिनं दोन्ही पानं गणपतरावांसमोर ठेवली. “सर, ह्या अकरा घरांचं काय झालं?”

“कुठली घरं?” त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. ही गोष्ट त्यांनी दोनदा वाचून भाषांतर केली होती आणि घरं त्यांना दिसलीच नव्हती. “चित्रकार विसरला,” ते शेवटी म्हणाले.

“चित्रकार विसरला असंल. पण ह्यानं तर बघितली असतील की. वरनंच उडत आलता.”

गणपतरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ते चहा न संपवताच गेले.

पंचगंगेच्या काठावर पूर बघत वाढलेल्या बाईला खालच्या घरांचं कोडं तसंच सोडून पुढचं पान भरता येईना. हाराच्या चित्रात नगराध्यक्षाशेजारी एक पोलीस उभा होता. त्याच्या फुग्यात इंग्रजी लांबलचक असावं. मराठीत नुसतं ‘शाबास’ आलं होतं, आणि खाली पुष्कळ जागा उरली होती. क्रांतीनं पेन उचललं आणि लिहिलं, ‘खालची घरं सकाळीच रिकामी केली आहेत.’ लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं, पाहुण्याला जेवायला घालून झाल्यासारखं.

अंक छापून आला. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग तिची भीड चेपली. मार खाऊन पडलेल्या गुंडाशेजारी एकजण म्हणू लागला, ‘ह्याला दवाखान्यात न्या.’ पुन्हा फोडलेल्या बँकेच्या शिपायानं विचारलं, ‘कुलपाची भरपाई कोण देणार?’ आणि गुंगीतून उठलेल्या लीनाच्या डोक्यावर तिनं एक छोटासा ढग काढला, मनातल्या बोलण्यासाठी काढतात तसा, आणि त्यात लिहिलं, ‘मला सगळं ठाऊक आहे.’

मग जयसिंगपूरहून पोस्टकार्ड आलं. विद्याश्री नावाच्या, पाचवीतल्या मुलीचं. मासिक सुरू झाल्यापासूनचं वाचकाचं हे पहिलंच पत्र. शिवशरणना एवढा आनंद झाला की त्यांनी छपाईयंत्र थांबवायला लावलं आणि गणपतरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘खालची घरं रिकामी केली हे चांगलं केलं. पण जनावरं कुठं नेली? आमच्याकडं पाणी वाढलं की आधी जनावरं सोडतात. आणि लीनाला सगळं ठाऊक आहे तर ती त्याच्याशी लग्न का करणार आहे?’

“घरं रिकामी केली?” गणपतराव म्हणाले. “असं वाक्य मी लिहिलेलंच नाही.”

क्रांतीला बोलावणं गेलं. ती पदराला हात पुसत आली, टेबलावरचं कार्ड वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं. “मी लिवलंय,” ती म्हणाली.

“एन री, काय हे,” शिवशरणच्या तोंडून कानडी निघालं. “न विचारता?”

गणपतराव दुखावले होते. “दुसऱ्याच्या तोंडात आपलं वाक्य घालणं बरं नव्हे, क्रांती. मूळ लेखकाशी ती बेइमानी झाली.”

“सर, तुम्ही बी घालताच की. ह्यो दर पानावर ‘नराधमा’ म्हणतोय. इंग्रजीत तसं म्हणतोय व्हय?”

इंग्रजीत तो ‘उंदरा’ म्हणत होता. ते गणपतरावांनी स्वतःच सांगितलं, आणि शिवशरणना हसू आलं. तिढा तिथंच सैल झाला.

“मला एवढंच कळतंय, पत्र आलंया,” शिवशरण म्हणाले. “पत्र आलं की उत्तर द्यायचं. शेवटच्या पानावर जागा देतो. ‘वादळवीराला विचारा.’ उत्तरं वहिनींनी लिहायची. पण गोष्टीत काय घालायचं असलं तर आधी सरांना विचारायचं.”

“विचारतो की,” क्रांती म्हणाली.

पत्रं महिन्याला आठ-दहा यायची. मुलांचे प्रश्न सरळ असत. वादळवीराचे कपडे कोण धुतं. तो उडतो तेव्हा त्याला पोस्टाच्या तारा लागत नाहीत का. चोर ओळखतो कसा, आणि ओळखण्यात चुकला तर. क्रांती स्वयंपाक उरकून दुपारी उत्तरं लिहायला बसायची. कपड्यांचं, तारांचं ती काहीबाही रचून सांगायची. ‘चुकला तर’ याचं उत्तर मात्र तिला रचता येईना. आतापर्यंत भरलेल्या गोष्टी तिनं चाळून बघितल्या. तो कुठंच चुकला नव्हता. ज्याला पकडायचा तो चोरच निघायचा. हे कसं, असं तिनं गणपतरावांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “कारण शेवट आधी ठरलेला असतो.”

१९९६ च्या फेब्रुवारीत मुरगूडजवळच्या एका वाडीतून अंतर्देशीय पत्र आलं. पाठवणारी बायडाबाई, पत्र शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. ‘माझा मुलगा आकाराम तुमचं पुस्तक वाचतो. वय बावीस. तालमीत जातो. आमच्या म्हशीचं दूध डेअरीवर पातळ भरायला लागलं. दूध मोजणारा बाळासो त्यात पाणी मिसळतो असा त्याला संशय आला. तुमच्या पुस्तकात पीठ चारलंय तसं त्यानं बाळासोला चौकात धरून कॅनमधलं कच्चं दूध पाजलं. तीन लिटर. बाळासो दोन दिवस दवाखान्यात होता. लोक माझ्या मुलाला शाबासकी देतात. तुमच्या वादळवीराला एक विचारा, चोर दुसराच निघाला तर तो काय करतो?’

शिवशरणनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. “हे छापायचं न्हाई. अंगावर येईल.”

“छापू नका,” क्रांती म्हणाली. “पण ते मला द्या. मी जाऊन येतो.”

“कशाला?”

“शेवटची ओळ बघा की. बाईला कायतरी ठावं हाय.”

गणपतराव कोपऱ्यात प्रूफं बघत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मीही येतो,” ते म्हणाले. “‘ह्याचंच पीठ ह्याला चारा’ हे वाक्य माझं आहे.”

दुसऱ्या दिवशी दोघं मुरगूडच्या एसटीत बसले, आणि तिथून वडापच्या जीपनं वाडीत गेले. बायडाबाईचं घर गोठ्याला लागून होतं. साठीची, काटक बाई. कोल्हापूरहून पुस्तकवाले आलेत म्हटल्यावर आधी घाबरली, मग चुलीवर चहा ठेवला. कप हातात दिल्यावर म्हणाली, “पाणी मीच घातलंय, बाई.”

क्रांतीनं कप तसाच धरून ठेवला.

“म्हस आटत आलीया. पोराला तालमीचा खुराक पायजे, रोज तांब्याभर दूध. न्हाई म्हणवंना. मग त्याचं दूध काढून ठेवायचं आणि कॅनमधी तेवढं पाणी घालायचं. दोन म्हैनं झालं.”

“म्हणजे ते दूध—” गणपतराव म्हणाले.

“त्यानंच पिलं की. त्याच ताकदीनं त्यानं बाळासोला धरलं.” बायडाबाईनं डोळे पुसले नाहीत, नुसती चुलीतली लाकडं मागं ओढली. “आता सांगितलं तर पोराचं तोंड काळं हुतंय. न सांगावं तर बाळासोच्या दारावरनं जाता येत न्हाई. तुमचा माणूस काय करतो अशा वक्ताला?”

“तो असल्या वक्ताला कधी सापडलाच न्हाई, मावशी,” क्रांती म्हणाली. तिला त्या वादळवीराची पहिल्यांदाच लाज वाटली, घरातल्या माणसाची वाटावी तशी. “पण आपण बाळासोंच्याकडं जाऊया की. मी येतो तुमच्यासंगं.”

वाटेत गोठ्याच्या मागं आकाराम वैरण तोडत होता. बायडाबाईनं त्याला हाक मारली आणि चल म्हणाली. तो कोयता ठेवून आला. क्रांती कोण हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. “तुम्ही काढता व्हय वादळवीर? मी पहिल्यापास्नं सगळं अंक ठेवल्यात.” क्रांती त्याच्या मनगटांकडं बघत राहिली.

बाळासो ओट्यावर पांघरूण घेऊन बसला होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. समोर आकाराम दिसताच तो जरा मागं सरकला. तेवढं बघून बायडाबाई मधे जाऊन उभी राहिली आणि घरी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, तसंच, एका दमात. तांब्याचंही सांगितलं.

मग बाळासो म्हणाला, “मला ठावं हुतं, काकू.”

“ठावं हुतं?”

“दुधात मोजायची काच टाकली की ती पाणी सांगती. तुमचं सव्वीस, पंचवीस असं उतरत चाललं हुतं. तुमच्या घरनं डेअरीपतूर कॅन तुम्हीच आणता. दुसरं कोण घालणार?”

आकाराम पुढं झाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. “मग तवा का सांगितलं न्हाईस?”

“चौकात? चाळीस माणसांत?” बाळासोनं पांघरूण गुडघ्यावर नीट केलं. “त्यांचं नाव घेटलं असतं तर तू काय केलं असतंस? त्यास्नी पाजलं असतंस?”

“मला एकट्याला तरी सांगायचं.”

“तू इचारलंस कुठं? तू कॅन घेऊनच आलास.”

आकाराम ओट्याच्या पायरीवर बसला. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. बायडाबाईनं बाळासोच्या बायकोला हात जोडले, तर तिनं ते खाली केले आणि आत जाऊन पाणी आणलं. क्रांतीला वाटलं, आता इथं आपलं काम नाही. निघताना तिनं बायडाबाईला विचारलं, नाव-गाव न घालता हे छापलं तर चालेल का. बायडाबाई थोडा विचार करून म्हणाली, “छापा. पर त्यात बाळासो काय म्हणाला ते येऊ द्या. माझं कमी लिवा.”

परतीच्या एसटीत गणपतराव खिडकीशी बसले होते. कागलला ते क्रांतीकडं वळले. मग म्हणाले, “मी आठवून बघतोय. त्या पिठाच्या गोष्टीत गिरणीवाल्याला एकही फुगा नाही. अख्ख्या गोष्टीत तो बोलतच नाही.”

“हाय की दोन,” क्रांती म्हणाली. “एकात ‘वाचवा’ हाय. शेवटल्या पानावर ‘कबूल’. मीच भरल्यात.”

त्या महिन्याच्या उत्तरात तिनं वादळवीराच्या नावानं लिहिलं नाही. स्वतःच्या नावानं लिहिलं. एका वाडीत काय झालं ते, दूध पाजण्यापासून ओट्यापर्यंत. शेवटी एवढंच: ‘चोर दुसरा निघाला तर वादळवीर काय करतो हे आम्हांला सापडलं नाही. त्या वाडीतल्या माणसानं काय केलं ते वर लिहिलं आहे.’ शिवशरणनी ते दोनदा वाचलं, कानडीत स्वतःशी काही पुटपुटले, आणि छापायला टाकलं. त्यांची एकच तक्रार होती: नायक फिका पडला. पण त्या अंकाला एक्केचाळीस पत्रं आली, आणि त्यातली सहा मोठ्या माणसांची होती.

वाडीचं पुढं काय झालं हे बायडाबाईनं उन्हाळ्यात कळवलं. बाळासोला अशक्तपणा होता तोवर, महिनाभर, आकाराम पहाटे डेअरीवर जाऊन त्याच्यासाठी कॅन उचलत होता. बाळासोनं त्याला दुधातली काच वाचायला शिकवली. खुराकाचं दूध आता तो आईला सांगून, उरलं तर घेतो.

ह्यानंतर क्रांती आणि गणपतरावांनी एक रिवाज पाडला. प्रत्येक गोष्टीत ज्याला मार बसणार आहे त्याला एक फुगा मिळालाच पाहिजे, आणि त्यात त्याची बाजू. जागा नसेल तर वादळवीराचं भाषण कापायचं. गणपतराव आपल्याच वाक्यांवर काट मारायला तयार झाले, ह्याचं शिवशरणना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. काही गोष्टी त्यामुळं पार कोसळल्या. एकीत वादळवीर ज्याला शत्रूचा हेर म्हणून ज्वालामुखीत टाकतो तो आधी म्हणू लागला, ‘अहो, मी गॅसचं मीटर वाचायला आलोय.’ चित्र बदलता येत नव्हतं, त्यामुळं वादळवीर त्याला तरीही टाकायचा. मुलांची त्यावर रागावलेली पत्रं आली आणि क्रांतीनं ती सगळी छापायला लावली.

खप मात्र वाढला नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगावची बस स्थानकं, एवढ्यावरच तो थांबला. घरोघर केबल आली, दुपारभर कार्टून लागू लागली. १९९९ च्या मे महिन्यात शिवशरणनी शेवटचा अंक काढला. ट्रंकेत अजून चाळीसेक गोष्टी उरल्या होत्या. त्या त्यांनी क्रांतीला देऊन टाकल्या. “तुमीच ठेवा,” म्हणाले. “मला बघवत न्हाईत.”

पुढं फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवणारे हात रिकामे झाले. क्रांती छापखान्यातच संगणकावर लग्नपत्रिका जुळवायला शिकली. तिथली अक्षरं आयती मिळायची, आणि तिला त्यातला एकही ‘ळ’ धड वाटायचा नाही, तरी ती बसायची. गणपतरावांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, आणि त्यांना वाचता येईना. मग क्रांती दर गुरुवारी दुपारी राजारामपुरीत त्यांच्या घरी जायला लागली, ट्रंकेतली एकेक गोष्ट घेऊन. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना दिसत नव्हतं. ती एकेक अक्षर वाचायची, टी, एच, ई. ते अर्थ सांगायचे. चित्रात काय आहे ते ती सांगायची. पहिली गोष्ट संपायला पाच गुरुवार लागले. दोन वर्षांनी ती एका दुपारी पूर्ण गोष्ट वाचायला लागली, आणि गणपतराव फक्त उच्चार सुधारायचे. तिचं बेचाळिसावं वर्ष होतं तेव्हा.

“कशाला एवढा खटाटोप,” तिचा नवरा एकदा म्हणाला. “छापायचं तर न्हाई आता.”

“त्यानं पुढं काय काय केलं ते बघायचं हाय,” ती म्हणाली.

२००६ च्या एका गुरुवारी त्यांनी ट्रंकेतली शेवटून तिसरी गोष्ट काढली. वादळवीर एका माणसाला पुलावरून पायाला धरून खाली लोंबकळत ठेवतो आणि कसल्यातरी कागदाबद्दल विचारतो. पुढची पानं नव्हतीच. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी फाडून घेतली असावीत.

“मग? खाली सोडला का त्याला?” गणपतरावांनी विचारलं.

“पान फाटलंय, सर.”

“सोडला नसेल. पुढचे अंक आहेत, ते चालू राहिले म्हणजे तो नायकच—”

“चालू ऱ्हायले म्हणजे ह्यो ऱ्हायला. खालच्याचं काय कळत न्हाई.” क्रांतीनं पान खिडकीच्या उजेडात धरलं. चित्र धूसर होतं, रंग एकमेकांत मिसळलेले. उलट्या टांगलेल्या माणसाचा कोट डोक्याकडं घसरला होता आणि आतल्या खिशातून काहीतरी पांढरं बाहेर आलं होतं. “सर, खिशात कायतरी हाय ह्याच्या. ह्यो इचारतोय त्योच कागद हाय का काय.”

“काय लिहिलंय त्यावर?”

“बारीक हाय लई. तुमचं भिंग कुठं ठेवलंय?”

गणपतराव भिंतीचा आधार घेत उठले आणि कपाटाकडं गेले.